न रंगलेले दात

आमच्या व्यवसायात समोरचा माणूस तोंड उघडतो तेव्हा त्याला बोलता येत नाही. आपण विचारायचं, ‘दुखतंय का?’ आणि तो ‘आँ’ म्हणाला की आपल्याला सोयीचा अर्थ काढायचा. बावीस वर्षं मी हे करत आलो. त्यामुळे दातांच्या डॉक्टरला एक वाईट खोड लागते. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत डॉक्टरला उत्तर सुचलेलं असतं.

आमच्या बेंगळुरूतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे गमतीचे अनुभव मागितले. ‘फराळ झाला की लोक तुमच्याकडेच येणार आहेत, आधीच हसवून ठेवा,’ असं म्हणाले. दोन गमती सांगतो. तिसरी गोष्ट गमतीची नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मी मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड. शहराच्या जुन्या बाजारपेठेत, चिकपेटच्या एका गल्लीत साडीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. जिना इतका अरुंद की खाली उतरणाऱ्याने आणि वर चढणाऱ्याने आधी एकमेकांना हाक मारावी लागते. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी मी आयटी कंपन्यांच्या नव्या वस्तीत, बेळ्ळंदूरलाही बसतो. तिकडचे रोगी वेगळे, इकडचे वेगळे. चिकपेटला पहिल्या आठवड्यापासून माझ्याबरोबर गौरम्मा आहेत. वयाने माझ्याहून मोठ्या. हत्यारं उकळणं, दातात भरायचा मसाला कालवणं, रोग्याच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरणं ही सगळी कामं त्यांची. माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात, आणि कमी बोलतात.

पहिली गंमत शहराबाहेरच्या होसकोट्याची. तिथल्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरने खुर्चीत बसायच्या आधी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली.

‘हे घ्या. एक किडा निघाला. दुसरा तुम्ही काढा.’

पुडीत वाळलेली पांढरी अळी होती. गावाकडच्या कुणा वैद्याने भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ती त्यांच्या दाढेतून ‘काढली’ होती.

‘अळी निघाल्यावर दुखणं थांबलं का?’ मी विचारलं.

‘नाही.’

‘मग?’

‘म्हणून तर म्हणतो, दुसरा आहे.’

मी दाढेचा एक्स-रे काढून दाखवला, तर ते त्यात अळी शोधत बसले. शेवटी काळा खड्डा दिसला तेव्हा ‘सरी’, म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक आहे’, असं म्हणून त्यांनी मान डोलावली, ‘घर सापडलं.’

दातात अळी नसते. पण त्या गृहस्थांचं अगदीच चुकत नव्हतं, कारण दाताला खड्डा पाडणारे जीव खरेच असतात. फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि बाहेरून येत नाहीत. ते आपल्या तोंडातले कायमचे रहिवासी आहेत.

बेंगळुरूत राहणाऱ्याला हे समजावणं मला सोपं जातं. इथे घराखाली पाणी साठवायची टाकी असते, संप म्हणतात तिला. ती साफ करायला उतरलेल्या माणसाला विचारा. वर पाणी स्वच्छ दिसतं, पण भिंतीवरून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. दातांचं तसंच आहे. तुम्ही दात घासून चूळ भरली की काही मिनिटांतच लाळेतला एक पातळ पापुद्रा दातावर बसतो. त्या पापुद्र्याला तोंडातले काही जंतू चिकटतात. त्यांना धरून दुसरे चिकटतात, त्यांना धरून तिसरे. तुम्ही खाल्लेल्या साखरेतून ते एक चिकट पदार्थ तयार करतात आणि त्याच्या आत बिऱ्हाड करून राहतात. सकाळी उठल्यावर जीभ दातावरून फिरवली की लोकरीसारखं जे लागतं, ते हेच. चूळ भरून ते जात नाही, जसा संपाचा थर पाणी ओतून जात नाही. घासावंच लागतं. राहू दिला तर लाळेतला चुना त्यात बसून त्याचा दगड होतो, आणि मग तो घरी निघत नाही.

हा थर नुसता बसून राहिला असता तरी चाललं असतं. पण त्यातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. आम्ल दाताच्या टणक भागातून क्षार ओढून घेतं. आपण खायचं थांबलो की लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि गेलेले क्षार हळूहळू परत भरते. दिवसभर असं चालू असतं, थोडं जातं, थोडं येतं. जाणं जास्त आणि येणं कमी झालं की दात मऊ पडतो आणि एक दिवस त्याला खड्डा पडतो. दात किडणं म्हणजे एवढंच.

दुसरी गंमत यातूनच निघते. बेळ्ळंदूरला पुण्याचा एक तरुण आला. एकदम नवीन नोकरी, एकदम नवीन फ्लॅट आणि सहा किडलेले दात.

‘सर, मी शुगर ऑलमोस्ट बंद केलीय. दिवसातून एकच कोल्ड कॉफी.’

‘एकच?’

‘एकच. प्रॉमिस.’

‘किती वेळात पिता?’

‘म्हणजे कॉफीचा मग टेबलावर असतो ना सर. सकाळी दहाला भरतो, सातपर्यंत पुरतो.’

एकाच मगाचे त्याने शंभर घोट केले होते. प्रत्येक घोटानंतर अर्धा तास दातावर आम्ल. लाळेने कधी काम करायचं? मी त्याला म्हटलं, ‘तीच कॉफी दहा मिनिटांत पिऊन टाका आणि मोकळे व्हा.’ तो म्हणाला, ‘पण सर, मग मीटिंगमध्ये काय करू?’

त्याला मी हे इतकं सुरेख समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला ते माहीत होतं. पुढची गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवा, कारण माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

आता वेणुअक्का.

चिकपेटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. घरात बोलतात मराठी, वाचतात मात्र कन्नड. वेणुअक्का अशाच घरातल्या. वय साठीच्या पुढे. त्या साड्यांना कुच्चू घालून देत, म्हणजे पदराच्या शेवटी रेशमी धाग्यांचे गोंडे बांधत. आमच्या गल्लीतली निम्मी दुकानं त्यांच्याकडे साड्या पाठवायची. मुलगा प्रकाश एका कंपनीत हिशेबनीस. तोच त्यांना पहिल्यांदा घेऊन आला आणि माहितीचा फॉर्मही त्यानेच उभ्याउभ्या भरला, कारण फॉर्म इंग्रजीत होता.

अक्कांच्या तीन दातांना हिरडीच्या कडेला खड्डे पडले होते. मी ते भरले. सहा महिन्यांनी आणखी चार. वय वाढतं तशी हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर वरच्यासारखं टणक कवच नसतं, त्यामुळे तिथे कीड लवकर धरते. मी तेही भरले आणि दात घासण्यावर व्याख्यान दिलं. त्यानंतर पुन्हा तीन.

‘अक्का, दात घासता ना?’

‘घासते की. सकाळी, रात्री. दुपारी जेवल्यावरसुद्धा.’

‘मग हे कशाने होतंय?’

‘ते तुम्ही सांगायचं, डॉक्टर.’

मला वाटलं, उलट बोलतायत.

माझ्याकडे अशा रोग्यांसाठी एक उपाय होता आणि त्याचा मला अभिमान होता. लाल रंगाचं एक औषध मिळतं. ते दातांना लावून चूळ भरायला सांगायचं. स्वच्छ दातावर रंग टिकत नाही, जंतूंच्या थरावर मात्र पक्का बसतो. मग हातात आरसा द्यायचा. ‘घासतो हो डॉक्टर’ म्हणणाऱ्याचं तोंड विडा खाल्ल्यासारखं लाल झालेलं असतं. पुढे वाद होत नाही.

अक्कांना मी रंग लावला. प्रकाश शेजारी उभा होता. त्यांनी चूळ भरली, मी आरसा दिला, आणि दात पांढरे होते. अगदी मागच्या दाढेपाशी एक पुसट गुलाबी रेघ होती, बस. अक्का आरशात बघून हसल्या. पहिल्यांदाच माझ्या दवाखान्यात हसल्या असतील.

‘बघा. आहे का काही?’

मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

‘अक्का, परीक्षेच्या दिवशी सकाळी अभ्यास करून कुणी पास होत नाही. इथे यायचं म्हणून आज घासून आलात. रोज असं घासलं असतं तर एवढे खड्डे पडले नसते.’ आणि प्रकाशकडे वळून, ‘तुम्ही जरा लक्ष ठेवा. वय झालं की माणसं लहान मुलांसारखी होतात.’

प्रकाश ओशाळून हसला. अक्कांनी आरसा पालथा ठेवला, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, ‘सरी.’ एवढंच. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

दोन वर्षं गेली. रोगी आला नाही म्हणजे बरा झाला, असं समजायची आमच्याकडे सोय आहे. मी तेच समजलो.

मग माझी मान धरली. वाकून काम करणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं. नस दबली होती, हाताला मुंग्या यायच्या. तज्ज्ञांनी रात्री घ्यायची एक छोटी गोळी दिली. मुंग्या कमी झाल्या, पण त्या गोळीने लाळ आटून तोंडाला कोरड पडू लागली. रोग्याशी बोलताना जीभ टाळूला चिकटायची. मी टेबलाच्या खणात चघळायला लिंबाच्या गोड गोळ्या ठेवू लागलो. एक रोगी झाला की एक गोळी. चार-पाच महिन्यांनी आरशात बघताना मला माझ्याच दोन सुळ्यांच्या मुळाशी तपकिरी डाग दिसले. एका डॉक्टर मित्राला दाखवलं. त्याने टोकदार सळई लावून पाहिली आणि हसत विचारलं, ‘काय रे, दात घासतोस की नाही?’

मला इतका राग आला की काय सांगू. बावीस वर्षं मी लोकांना हेच विचारत होतो आणि मला एकदाच कुणीतरी विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी गौरम्मा टेबलाचा खण झाडत होत्या. गोळ्यांचे कागद मुठीत गोळा करून त्या सहज म्हणाल्या, ‘कुच्चूवाल्या अक्कांच्या पिशवीत पण हेच कागद असायचे, डॉक्टर. पैसे काढताना खाली पडायचे. मी उचलायची.’

मी हातातलं काम थांबवून वेणुअक्कांचं कार्ड काढलं. माझ्याच अक्षरात त्या दिवशीची नोंद होती. वरच्या ओळीत, ‘हिरड्या निरोगी. रक्त नाही.’ खालच्या ओळीत, ‘घरी दात नीट घासत नाही.’

सामान्य वाचकाला यात काही दिसणार नाही, म्हणून सांगतो. दातावरचा थर एका सकाळी घासून काढता येतो. पण तो थर रोज बसत असेल तर हिरडी सुजलेली असते, आणि सुजलेली हिरडी एका सकाळी बरी होत नाही. तिला आठवडा-दोन आठवडे लागतात. परीक्षेच्या दिवशी घासून आलेल्या माणसाच्या हिरडीला जरा हात लावला की रक्त येतं. अक्कांच्या हिरडीतून आलं नव्हतं. ही बाई कित्येक महिने, रोज, व्यवस्थित दात घासत होती. कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही हे कळलं असतं. मी ते पाहिलं होतं, लिहिलंही होतं, आणि त्याच्याच खाली त्याच्या उलट लिहिलं होतं. कारण उत्तर मला आधीच सुचलं होतं.

‘तुमच्या लक्षात आलं होतं?’ मी गौरम्मांना विचारलं.

‘नळीत रक्त नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं, तुम्हाला दिसलं असेल.’

शनिवारी दुपारी मी अक्कांच्या घरी गेलो. आमच्याच गल्लीच्या मागे, दुसरा मजला. जाताना पायऱ्या मोजाव्यात असं वाटत होतं, म्हणजे पोचायला उशीर होईल. प्रकाशने दार उघडलं.

‘डॉक्टर! तुम्ही? या की. बघ आई, कोण आलंय.’

अक्का खिडकीखाली चटईवर बसल्या होत्या. मोरपंखी साडीचा पदर पाटाला बांधलेला, त्यातून दहा-दहा धागे ओढून गाठ मारायची आणि जास्तीचा धागा दाताने तोडायचा. त्यांनी वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. गाल थोडा आत गेला होता. त्या लिंबाची गोळी चोखत होत्या.

‘बरं झालं आलात,’ प्रकाश म्हणाला. ‘सोमवारी आईचे वरचे सगळे दात काढायचेत. एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. ते म्हणाले, इतके किडलेत की भरण्यात अर्थ नाही, कवळीच करा. आम्ही हो म्हटलं. तुम्ही सांगितलं होतं ना, तेव्हापासून मी रोज रात्री बेसिनपाशी उभा राहतो, डॉक्टर. मोबाईलवर दोन मिनिटं लावून. तरी असं झालं. आता काय करायचं?’

तो हे अभिमानाने सांगत होता. मी अक्कांकडे बघितलं. दोन वर्षं रोज रात्री, आपल्या मुलासमोर, पहाऱ्यात दात घासायचे. बाईंनी एका शब्दाने तक्रार केली नव्हती.

‘अक्का, तुम्हाला कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ मी विचारलं. पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न.

त्यांनी आधी प्रकाशकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘रात्रीची एक आहे. हे गेल्यावर मन कशात लागत नव्हतं. झोप नाही, काही नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिली. बरं वाटलं, म्हणून चालू ठेवली.’

‘तोंड कोरडं पडतं?’

‘पडतं की. लाकडासारखं. म्हणून तर ही गोळी चघळायची. एक संपली की दुसरी.’

‘आई! हे कधी सांगितलं नाहीस?’

‘कुणी विचारलं?’

‘फॉर्ममध्ये होतं ना डॉक्टर, कुठली औषधं चालू आहेत म्हणून?’

‘होतं,’ मी म्हणालो.

‘मग तूच लपवलंस,’ प्रकाश आईला म्हणाला. ‘ते बिचारे काय करणार?’

अक्कांनी एक गाठ मारली आणि धागा तोडला. खरं म्हणजे बोलायची पाळी माझी होती. फॉर्म इंग्रजीत होता, मुलाने भरला होता, मी रोग्याला स्वतः विचारलं नव्हतं. अक्का दात घासत होत्या, हे माझ्याच कार्डावर लिहिलेलं होतं. चारच वाक्यं बोलायची होती. मी प्रकाशने आणून दिलेला कॉफीचा पेला हातात धरून बसलो आणि म्हणालो, ‘जाऊ दे, आता त्यात शिरायला नको. सोमवारचं रद्द करा. मला सहा महिने द्या.’

पहिली चूक घाईची होती, ती मी स्वतःला एखाद वेळेस माफ करीन. पण त्या दुपारची ही दुसरी, ती नुसती भित्रेपणाची होती.

‘सहा महिन्यांनी काय होणार?’ अक्कांनी विचारलं. आवाजात आशा वगैरे काही नव्हती.

‘काही दात वाचतील.’

‘दात गेले तर मी धागा कशाने तोडू, त्याचा विचार करत होते.’

‘कात्रीने तोडा. तसाही दाताने तोडू नये.’

‘कात्री उचला, ठेवा, उचला, ठेवा. तुम्हीच बसा कात्री घेऊन. संध्याकाळपर्यंत किती पदर होतात बघू.’

मी ‘बरं’ म्हणालो. तो वाद मी आजही जिंकलेलो नाही.

पुढचं काम साधं होतं. अक्कांची परवानगी घेऊन मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांशी बोललो. त्यांनी गोळी एकदम बंद न करता हळूहळू बदलली आणि तोंड कमी कोरडं करणारी दुसरी दिली. साखरेच्या गोळ्या बंद. चटईशेजारी पाण्याची बाटली, घोट घोट घ्यायला. दातात क्षार भरायला मदत करणारी जास्त ताकदीची पेस्ट आणि दर दीड महिन्याला मी मुळांवर एक लेप लावायचा. दोन दाढा काढाव्या लागल्या, त्यांचं काही उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्या नक्की वाचल्या असत्या. बाकीच्यांना मी कोरायचं मशीन लावलं नाही. दात अजून उभा आहे तोवर आधी लाळेला तिचं काम करू द्यायचं, मग बघायचं.

हे बघणं फार कठीण असतं. भरलेला दात दिसतो, काढलेला दात ट्रेमध्ये पडतो. थांबलेली कीड लगेच काही दाखवत नाही. तीन महिन्यांनी सळई लावली तेव्हा मुळं चामड्यासारखी लागली. वाईटही नाही, चांगलीही नाही.

सहा महिन्यांनी अक्का परत खुर्चीत बसल्या. गौरम्मांनी नळी धरली. मी गालात कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या, दात वाऱ्याने कोरडे केले आणि सळई टेकवली. मऊ किडीत सळईचं टोक पिकल्या पेरूत जावं तसं जातं आणि काढताना अडकतं. इथे ते घसरलं. पुढचा दात, तिथेही घसरलं. मुळं गडद तपकिरी, जवळजवळ काळी झाली होती, दिसायला अजिबात सुंदर नाही, पण चकचकीत आणि गारगोटीसारखी कडक. एका पाठोपाठ एक आठ दात. शेवटच्यावर मी मुद्दाम जरा जोर दिला आणि टक्‌ असा आवाज आला. कवळी लागणार नव्हती.

‘थांबली,’ मी म्हणालो. ‘कीड थांबली.’

प्रकाश भिंतीशी उभा होता. तो खूष होऊन म्हणाला, ‘बघितलंस आई? मी नेटाने उभा राहिलो म्हणून झालं की नाही?’

अक्कांच्या तोंडात कापूस होता. त्यांनी फक्त डोळे मिटले.

मग मी मास्क खाली केला. ‘प्रकाश, तुम्ही उभे राहिलात म्हणून नाही. तुमची आई पहिल्यापासून दात घासत होती. दिवसातून तीनदा, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले. तो रंग लावला होता त्या दिवशी ते मला दिसत होतं. हिरड्या बघूनच कळायला हवं होतं. मी उगाच बोललो. गोळीचंही त्यांनी लपवलं नाही, मी विचारलंच नाही. त्या दोन दाढा माझ्यामुळे गेल्या. सहा महिन्यांपूर्वी तुमच्या घरी हे सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही.’ गौरम्मांना कळावं म्हणून हेच मी परत कन्नडमध्ये सांगितलं. बाहेरच्या बाकावर दोन रोगी बसले होते, त्यांनीही ऐकलं असणार.

प्रकाश आपल्या बुटांकडे बघत होता. मी अक्कांच्या गालातला कापूस काढला.

‘सहा महिने माहीत होतं तुला?’ आतापर्यंत मला ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या अक्का ‘तू’वर आल्या होत्या.

‘होय, अक्का.’

‘मग आज का सांगितलंस?’

‘आधी धीर झाला नाही.’

‘दात वाचल्यावर झाला?’

‘होय.’

त्यांनी पाणी घेऊन सावकाश चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता काहीतरी कडक येणार. पण त्यांनी विचारलं, ‘आणखी किती जणांना असं बोलला आहेस?’

‘माहीत नाही.’

‘सरी. मग शोध.’

जिन्यावर प्रकाशचा आवाज ऐकू आला. ‘आई, आजपासून मी नाही तिथे उभा राहणार.’ त्यावर अक्का म्हणाल्या, ‘राहा की. पण तुझा ब्रश घेऊन राहा.’ पाठोपाठ दोघांचं हसणं आलं, आणि मी खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलो. अंग इतकं हलकं झालं होतं की काय सांगू. गौरम्मा एरवी दोन रोग्यांच्या मध्ये मला बसू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी कॉफी मागवली.

मी शोधायला लागलो. ज्यांच्या कार्डावर मी ‘घरी दात घासत नाही’ असं लिहून ठेवलं होतं, त्यांना रोज दुपारी एक-दोन फोन करतो. ‘मी पूर्वी तुम्हाला दात घासत नाही म्हणून बोललो होतो, ते चुकीचं असू शकतं. तुम्हाला त्या वेळी काही औषधं चालू होती का?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. एका आजींना दम्याचा फवारा चालू असलेला निघाला, त्यानेही तोंड कोरडं पडतं; त्या आता पुन्हा येतात. एका निवृत्त कारकुनांनी मला भरपूर सुनावलं, ते मी सगळं ऐकून घेतलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पहिला फोन. हार्डवेअरचे एक व्यापारी, माझे अगदी सुरुवातीचे रोगी. मी सगळं बोललो, माफी मागितली, औषधांचं विचारलं. पलीकडे त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, गेले, यांचेही दात गेले.

‘नाही हो डॉक्टर,’ ते शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, ‘मी खरंच घासत नव्हतो.’

एखाद्याच्या न घासलेल्या दातांचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.